परीचा खांदा मोडणाऱ्या बाई

हे मराठीत लिहायचं आहे म्हणून लिहितोय. इंग्रजीत लिहिलं असतं तर बाईंनी थेट इथे जॉर्जियात, अल्फारेटाला येऊन मला उचलून आपटलं असतं. त्यांचं वय आज नव्वदीला टेकलंय, पण ते त्यांना जमलं असतं, अशी माझी खात्री आहे. बायकोचीही आहे. आमच्या घरात एवढं एकमत दुसऱ्या कुठल्याच विषयावर नाही.

बाई म्हणजे आमच्या शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या घरमालकीण. वरच्या मजल्यावर आम्ही तिघं, खाली त्या एकट्या, असे आम्ही सहा वर्षं राहिलो. तरुणपणी त्या कुस्ती खेळायच्या. आपली मातीतली नव्हे, टीव्हीवर दिसते ती, चार बाजूंना दोर बांधलेल्या चौकोनातली. त्या काळात बायकांनी हे करणं म्हणजे आक्रितच होतं. न्यूयॉर्कात तर कितीतरी वर्षं बायकांच्या कुस्तीला कायद्याने बंदी होती. जिथे बंदी नव्हती तिथे एका गाडीत चौघी-पाचजणी कोंबून बसायच्या, आज एक गाव, उद्या दुसरं, मध्ये तीनशे मैल. रिंगबाहेर पडताना स्कर्ट, लिपस्टिक आणि नीट बसवलेले केस हवेत, असा प्रमोटरचा दंडक. लग्न, मूलबाळ असल्या गोष्टी त्याच्या कानावर गेल्या की नाव कटलंच.

आणि सगळ्यांत वरचा कायदा हा की, कुस्ती आधी ठरवून होते हे बाहेरच्या माणसाला मरेपर्यंत सांगायचं नाही. रिंगमध्ये जी दुष्ट, तिने किराणा दुकानातही दुष्टच असायचं. जी भली, तिने बसस्टॉपवरही भलंच असायचं. आता हे गुपित शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, कुस्तीवाल्या कंपन्या स्वतःच सांगतात. बाईंना ही बातमी कोणी कळवली नसावी. किंवा कळवली असेल आणि त्यांनी ती नामंजूर केली असेल.

बाई अर्थातच दुष्टांपैकी होत्या.

घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही, क्रेडिट स्कोअर विचारला नाही. ‘‘कुठला तू?’’ एवढंच विचारलं. मी सवयीने ‘‘मुंबईजवळचा’’ म्हणालो. अमेरिकेत सगळेच मुंबईजवळचे असतात. मग त्यांच्या स्वयंपाकघरात एक फोटो दिसला. काळे बूट घातलेली एक धिप्पाड तरुणी एका सोनेरी केसांच्या मुलीच्या झिंज्या धरून तिची मान पिरगाळत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘खरं म्हणजे मी कोल्हापूरचा. आमचं गाव कुस्तीसाठीच प्रसिद्ध आहे.’’

‘‘तू खेळायचास?’’

आता माझा आणि कुस्तीचा संबंध एवढाच की कुस्त्यांच्या मैदानाला आजोबांच्या खांद्यावर बसून मी शेंगा खायचो. पण घर चांगलं होतं आणि ट्रेनचं स्टेशन पायी दहा मिनिटांवर होतं. ‘‘थोडंफार,’’ मी म्हणालो.

‘‘उभा राहून दाखव.’’

मग मी, पस्तिशीतला, पोट सुटलेला सॉफ्टवेअरवाला, त्या स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि दणकन शड्डू ठोकला. बायको दारात उभी होती. पुण्याची आहे ती. तिने त्या क्षणी खिडकीबाहेरच्या झाडात जो रस घेतला, तसा पुढे कधी कुठल्या झाडात घेतला नाही. बाईंनी मात्र मला दोनदा, चारदा शड्डू ठोकायला लावला, मग स्वतः ठोकून पाहिला. त्यांचा माझ्यापेक्षा चांगला वाजला. घर आम्हाला मिळालं.

राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात बायको वर येऊन म्हणाली, ‘‘अरे, ही बाई वेडी आहे. आत्ता शेजारच्यांसमोर माझ्यावर केवढी ओरडली! कचऱ्याचा डबा चुकीच्या बाजूला ठेवला म्हणून.’’ तासाभराने दारावर टकटक झाली. दारात कोणी नव्हतं. खाली गरम सूपचं पातेलं होतं.

हे आम्हाला उलगडायला महिने लागले. बाहेर, चारचौघांत, बाई कोणाशी धड बोलायच्या नाहीत. दुकानातल्या कॅशियरवर डोळे वटारायच्या, टपालवाल्याला दरडावायच्या, शेजारच्या कुत्र्याकडे असं बघायच्या की ते त्यांच्या अंगणात बसायचं सोडून मालकाच्या पायात शिरायचं. दार लागलं की हीच बाई माझ्या लेकीच्या वेण्या घालायची. एकदा रात्रभर बर्फ पडलं. सकाळी बायकोला सातला ऑफिस गाठायचं होतं. मी फावडं घेऊन खाली उतरलो तर तिची गाडी लख्ख साफ, मागे रस्त्यापर्यंत वाट केलेली. माझी गाडी मात्र बर्फाखाली तशीच, बोनेट कुठलं आणि डिकी कुठली तेही कळेना.

‘‘थँक यू,’’ मी दारातूनच ओरडलो.

‘‘ओरडू नकोस,’’ बाई आतून दबक्या आवाजात म्हणाल्या, ‘‘लोक ऐकतील.’’

‘‘माझी पण गाडी केली असतीत तर...’’

‘‘तू कोल्हापूरचा ना?’’

त्यांचं सगळ्यांत लाडकं वाक्य होतं, ‘‘लोकांनी पैसे मोजलेत.’’ साठ वर्षांपूर्वी कोणीतरी तिकीट काढून त्यांचा तिरस्कार केला होता, तो त्यांना फुकट जाऊ द्यायचा नव्हता. टपालवाल्याशी गोड बोलल्या आणि त्याचे आजोबा एकेकाळी पहिल्या रांगेत बसलेले निघाले तर? त्यांची फसवणूकच की!

लेकीला त्यांनी पडायला शिकवलं. मागच्या अंगणात जुनी गादी टाकून शनिवारी सकाळी वर्ग भरायचा. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात पसरून तळवे आपटायचे. आमची आठ वर्षांची पोर महिन्याभरात अशी पडायला लागली की बघणाऱ्याचं काळीज थांबावं आणि हिने हसत उठावं. तिचं बघून मलाही चेव आला. ‘‘मला पण शिकवा,’’ म्हणालो. बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, ‘‘तू पडू नकोस. तू धरून चाल.’’ मी ऐकलं नाही. पुढचे तीन आठवडे ऑफिसात मध्ये भोक असलेल्या उशीवर बसून मीटिंगा केल्या. लेक अजून सांगते, ‘‘बाबा, यू फेल लाइक अ फ्रिज.’’

टीव्हीवर आताच्या मुलींच्या कुस्त्या लागल्या की बाई मांडी ठोकून बसायच्या. या मुलींना मोठ्ठाली मैदानं मिळतात, पोस्टरवर पहिलं नाव मिळतं, याचा त्यांना अभिमान होता, पण तो त्या शिव्यांतून दाखवायच्या. ‘‘बघ, बघ, हसतेय! आत्ता हिने त्या पोरीला दोरावर आपटलं आणि हसतेय! आम्हाला चाळीस माणसांसमोर खेळवायचे, तेही पुरुषांच्या कुस्तीआधी, लोक खुर्च्या शोधत असताना. पण एकजण तरी जाग्यावर बसला का? चाळीसच्या चाळीस उभे! माझ्या अंगावर बाटल्या फेकत!’’ हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं, ते मी आमच्याकडे फक्त सत्कारमूर्तींच्या तोंडावर पाहिलंय.

दर रविवारी सकाळी मात्र त्या फोन घेऊन कोठीच्या खोलीत शिरायच्या आणि दार लावून तासभर कुजबुजायच्या. मधूनच खुदखुदायचा आवाज यायचा. बायकोचं म्हणणं, बाईंचं काहीतरी प्रकरण आहे. माझं म्हणणं, या वयात कसलं प्रकरण. त्यावर बायको म्हणाली, ‘‘तुला या वयात काही नाही म्हणून कोणालाच नसेल का?’’

आमच्या पाचव्या हिवाळ्यात हे फोन अचानक बंद झाले. मग बर्फ पडलं आणि बाईंनी फावडं उचललं नाही. दोन दिवस बायकोची गाडी गाडलेली राहिली. एकदा त्यांनी शेजाऱ्याला चक्क ‘‘गुड मॉर्निंग’’ म्हटलं. मग मात्र आम्ही घाबरलो आणि दोघंही खाली गेलो.

बाईंनी आधी मला कोणाला न सांगण्याची शपथ घ्यायला लावली. मग बोलल्या. त्या फोटोतली, मान पिरगाळलेली सोनेरी मुलगी त्यांची शत्रू. रिंगमधलं तिचं नाव मी सांगणार नाही, तेवढी तरी शपथ पाळतो. आपण तिला परी म्हणू, कारण प्रेक्षकांना ती तशीच वाटायची. सात वर्षं या दोघींनी गावोगाव एकमेकींना बुकललं. आणि सात वर्षं दोघी एकाच गाडीतून हिंडल्या, एकाच खोलीत झोपल्या, एकाच डब्यात जेवल्या. गाव पाच मैलांवर आलं की परी उतरायची आणि बसने यायची. भल्या आणि दुष्ट बाईला एका गाडीत कोणी पाहिलं असतं तर धंदा बसला असता.

‘‘म्हणजे तुम्ही मैत्रिणी,’’ बायको म्हणाली.

‘‘आम्ही शत्रू आहोत,’’ बाई म्हणाल्या. आणि डोळे पुसले.

शेवटच्या कुस्तीत बाईंनी परीचा खांदा मोडला होता. परी पुन्हा कधी रिंगमध्ये उतरली नाही. तिने संसार केला, एक मुलगी वाढवली. ही मुलगी आता साठीची, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. तिला लहानपणापासून एवढंच माहीत की एका दुष्ट बाईने आपल्या आईचा खांदा आणि करिअर दोन्ही मोडलं. कायदा परीनेही पाळला होता, अगदी घरात, पोटच्या पोरीजवळसुद्धा. आता परी घरात पडली होती, पाय दुखावला होता, मुलीने तिला तासाभराच्या अंतरावरच्या वृद्धांच्या केंद्रात ठेवलं होतं. तिथे परीने बोलणं सोडलं, जेवण सोडलं. पाय बरा झाला तरी उभी राहायला तयार नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता उठली नाही तर कधीच उठणार नाही. हे सगळं बाईंनी केंद्रात फोन करकरून एका नर्सकडून काढलं होतं. परीला फोन केला तो मुलीने उचलला. कोण बोलतंय म्हणून विचारलं. बाईंनी सवयीने रिंगमधलं नाव सांगितलं, तेही गर्जना करून.

‘‘काय म्हणाली ती?’’

‘‘म्हणाली, पुन्हा फोन केलास तर पोलिसांना बोलावीन. माझ्या आईचं वाटोळं केलंस, आता तरी तिला सुखाने मरू दे.’’

‘‘मग खरं सांगून टाका ना तिला,’’ मी म्हणालो. ‘‘आम्ही मैत्रिणी आहोत, फोनवर तासतास बोलतो. आणि तो खांदा... तो खरंच मोडला होता?’’

बाई उभ्या राहिल्या. माझ्यापेक्षा चार इंच उंच आहेत त्या. ‘‘मोडला. मी मोडला. या हातांनी.’’

विषय तिथे संपला. पण पुढच्या रविवारी त्या कोट घालून जिन्याशी उभ्या. नजर कमी झाल्यामुळे त्यांचं लायसन्स गेलं होतं. ‘‘गाडी काढ. मला तिला बघायचंय.’’

‘‘रविवारी मुलगी तिथे असते म्हणालात ना? मंगळवारी जाऊ. गुपचूप भेटून येऊ.’’

‘‘मी काय चोर आहे? शत्रू समोरून जातो.’’

केंद्रात दुपारचा खेळ चालू होता. वीसएक म्हातारी माणसं आकड्यांच्या पाट्या घेऊन बसली होती. खिडकीजवळ चाकांच्या खुर्चीत एक चिमणीएवढी बाई, पांढरे केस, समोर न शिवलेला पुडिंगचा वाडगा. शेजारी तिची मुलगी, हातात चमचा. बाईंनी दारातच कोट काढून माझ्या अंगावर फेकला. आत काळा झगा आणि पायात ते फोटोतले काळे बूट! मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. इलिनॉयमधली जमीन असली कामं करत नाही.

‘‘कुठाय ती रडूबाई?’’ बाई गरजल्या.

आकड्यांचा खेळ थांबला. मग नाकात ऑक्सिजनची नळी लावलेला एक म्हातारा पाटी आपटून ओरडला, ‘‘ही तीच! हिनेच परीचा खांदा मोडला! मी होतो तिथे!’’ आणि सुरुवात झाली. ज्यांना सकाळी नाश्त्याला काय खाल्लं ते आठवत नव्हतं त्यांना बाई आठवल्या. अख्ख्या खोलीने बाईंची हुर्यो उडवली. कोणी कागदाचे बोळे फेकले, कोणी काठी आपटली. बाईंचे खांदे रुंद झाले, मान वर गेली. माझ्या डोळ्यांदेखत त्या वीस वर्षांनी तरुण झाल्या.

खिडकीजवळची मान हळूहळू वळली.

‘‘अजून मेली नाहीस?’’ परी म्हणाली. सहा आठवड्यांतलं तिचं पहिलं वाक्य, हे मला नंतर कळलं.

‘‘तुला पोचवल्याशिवाय कशी मरू?’’

मुलगी मध्ये धावली. ‘‘बाहेर व्हा! आत्ताच्या आत्ता! कोणीतरी बोलवा रे...’’

‘‘बाजूला हो,’’ परी म्हणाली. तिने खुर्चीच्या हातांवर तळवे टेकवले आणि उभी राहिली. नर्सने तोंडावर हात नेला.

दोघी भिडल्या. एकीचा हात दुसरीच्या मानेवर, एक कोपरावर. बाईंचा चेहरा इतका विक्राळ झाला होता की मी दोन पावलं मागे सरलो. परीला त्या खोलीभर फरपटत नेत होत्या, असं सगळ्यांना दिसत होतं. मला एका बाजूने दिसलं ते वेगळंच होतं. बाईंनी गुडघे वाकवले होते, परीच्या काखेखाली आपला दंड घातला होता आणि परीचा सगळा भार अंगावर घेतला होता. परीचे पाय मात्र स्वतः चालत होते. एक पाऊल, दोन, चार, सात. मुलगी आईला धरायला हात पुढे करून बाजूबाजूने चालत होती, अगदी जवळून. तिचे हात हळूहळू खाली आले. ती नुसती बघत राहिली.

सोफ्याशी पोचल्यावर परीने बाईंना एका बोटाने ढकललं. बाई अशा उडाल्या, अशा कोसळल्या की मलाही वाटलं, गेल्या! परीने त्यांच्या छातीवर पंजा ठेवला, ऑक्सिजनवाल्या म्हाताऱ्याने तीनपर्यंत मोजलं, आणि टाळ्यांनी छत उडायचंच बाकी राहिलं. परी बाईंच्या शेजारी, म्हणजे जवळजवळ त्यांच्या मांडीवरच बसली आणि म्हणाली, ‘‘कोणीतरी ते पुडिंग द्या इकडे.’’ दोन वाडगे खाल्ले.

आम्ही निघालो तेव्हा मुलगी दारापर्यंत आली. मी शपथेप्रमाणे तोंड मिटून होतो.

‘‘आईचा खांदा तुम्ही मोडलात,’’ ती म्हणाली.

‘‘मोडला,’’ बाई म्हणाल्या.

‘‘ती पडली तेव्हा दवाखान्यात सगळीकडचे एक्स-रे काढले. डॉक्टर म्हणाले, या खांद्याचं हाड आयुष्यात कधी मोडलेलं नाही. तेव्हा मी विश्वास ठेवला नाही.’’

माझं तोंड उघडंच राहिलं. बाईंनी कोटाची बटणं लावायला घेतली. ‘‘हल्लीच्या डॉक्टरांना काय कळतंय?’’

‘‘ती कुस्ती मार्चमध्ये झाली होती. घरी कात्रण आहे.’’

‘‘असेल.’’

‘‘मी सप्टेंबरमधली.’’

बाईंचं वरचं बटण काही केल्या लागेना. ‘‘अभिनंदन,’’ त्या म्हणाल्या.

मुलीच्या ओठांचा कोपरा थरथरला. क्षणभर वाटलं, आता ही रडणार किंवा मिठी मारणार आणि बाईंची साठ वर्षांची इभ्रत सगळ्यांसमोर धुळीला मिळणार. पण आईचीच मुलगी ती. आणि शिक्षिका. ती गर्रकन खोलीकडे वळली आणि मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाली, ‘‘ऐका सगळे! या बाईला हार मान्य नाही! पुढच्या रविवारी, दोन वाजता, हिला पुन्हा यायचंय!’’

खोलीने पुन्हा हुर्यो उडवली. बाईंनी मूठ उगारून दाखवली. त्या आरड्याओरड्यात मुलीने पुढे वाकून बाईंचं ते वरचं बटण लावून दिलं आणि हळूच म्हणाली, ‘‘एकच विनंती आहे. तिला पाडायची वेळ आली तर जरा हळू पाडा.’’

बाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. जवळपास कोणी नव्हतं, आणि मला त्या कधीच धरत नसत.

‘‘पोरी,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आजवर हळूच पाडलंय.’’